विश्लेषण : तिकीट दोन खुर्च्यांचं, माहिती अख्ख्या घराची

सावेडीतल्या एका कला मंडळाची दिवाळी पहाट होती. आईला आणि शेजारच्या काकूंना जायचं होतं, म्हणून मंडळाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला गूगल फॉर्म मी आईच्या फोनवर उघडून दिला. नाव, मोबाइल नंबर, किती प्रवेशिका हव्यात, इथवर ठीक होतं. पुढे घरचा पत्ता, जन्मतारीख, व्यवसाय आणि लग्नाचा वाढदिवस. प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म जाणार नाही. आईने निमूट सगळं भरलं. फॉर्म गेल्यावर खाली ‘मागील प्रतिसाद पहा’ अशी लिंक आली. ती दाबली तर आधी फॉर्म भरलेल्या सगळ्यांची नावं, नंबर, पत्ते एकाखाली एक. त्यात माझ्या शाळेतल्या बाई होत्या, आमचे फॅमिली डॉक्टर होते आणि गुलमोहर रोडवर एकट्या राहणाऱ्या आईच्या एक मैत्रीणही होत्या, फ्लॅट नंबरसकट.

कार्यक्रम छान झाला. नंतर आईला प्लॉटिंगवाल्यांचे फोन सुरू झाले, पण त्यांचा या फॉर्मशी संबंध मी सिद्ध करू शकत नाही. असे फोन नगरमध्ये कुणाला येत नाहीत? फेब्रुवारीत मात्र एका सराफी पेढीचा मेसेज आला. लग्नाच्या वाढदिवसाच्या ‘उभयतांना’ शुभेच्छा आणि घडणावळीवर सवलत. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आहेत. ती तारीख आईने आजवर कुठल्याही दुकानात दिलेली नव्हती. दिली होती ती फक्त त्या फॉर्ममध्ये, आणि दिवाळी पहाटेच्या मंचामागच्या फलकावर त्याच पेढीचं नाव होतं.

मी मंडळाच्या सचिवांना फोन केला. ते मला लहानपणापासून ओळखतात. “अरे, आपलीच माणसं आहेत सगळी,” ते म्हणाले. “प्रायोजकांनी यादी मागितली, आम्ही दिली. लोकांना शुभेच्छा जातात, त्यात वाईट काय?” मी मेसेज वाचून दाखवला, तेव्हा ते खरोखर ओशाळले.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं याबद्दल मला शंका नाही. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. स्थानिक कला मंडळाने बुकिंग घेताना काय विचारायचं, ते कुणाला दाखवायचं आणि कार्यक्रम रद्द झाला तर पैशांचं काय, हे अर्ध्या पानात मराठीत लिहून द्यायलाच हवं. कायदा तसं म्हणतो हे एक कारण. दुसरं कारण असं की ज्या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे बाहेर गेलेली माहिती मोठ्या शहरापेक्षा जास्त बोचते.

आधी काय वेगळं होतं?

नगरला नाटक-गाण्याचं वेड जुनं आहे. अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे मधुकर तोरडमल इथूनच व्यावसायिक रंगभूमीवर गेले, सदाशिव अमरापूरकर इथलेच. राज्य हौशी नाट्य स्पर्धेचं केंद्र इथे असतं, माउली सभागृहात महाकरंडक एकांकिका स्पर्धेला बाहेरगावची पोरं येतात. २०२४मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण स्पर्धेच्या काळात चहाच्या टपरीवर चालणाऱ्या गप्पा त्याच आहेत.

पूर्वी प्रवेशिका ओळखीच्या दुकानात मिळायच्या. पैसे द्या, फाडलेलं तिकीट घ्या, संपलं. दुकानदाराला तुमचा चेहरा माहीत असायचा, जन्मतारीख नाही. याचा अर्थ तेव्हा सगळं आलबेल होतं असं नाही. घरातल्या कपाटात एखाद्या संस्थेची जुनी स्मरणिका असेल तर काढून पाहा; शेवटच्या पानांत आजीव सभासदांची नावं, पत्ते, कधी कधी दूरध्वनी क्रमांकही छापलेले सापडतील. त्यात आपलं नाव असण्याचा लोकांना अभिमान वाटायचा. फरक इतकाच की ती स्मरणिका दोन-चारशे घरांत जाऊन थांबायची. एक्सेल शीट एका क्लिकवर पुढे जाते, आणि ती कुणाकुणाकडे आहे हे पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

व्यावसायिक नाटकांची तिकिटं आता बहुतेक ॲपवर विकली जातात. तिथे निदान कंपनीचं गोपनीयता धोरण असतं, कुणी वाचत नसलं तरी. मंडळाच्या गूगल फॉर्मला तेही नसतं. तो फॉर्म बहुतेकदा मंडळाच्या नावे नसतोच. कॉलेजात शिकणाऱ्या कुठल्यातरी उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी जीमेलवर तो बनवलेला असतो. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला जातो आणि पाचशे कुटुंबांची यादी त्याच्याबरोबर जाते. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गॅदरिंगचा फॉर्म मीच बनवला होता. तो अजून माझ्या ड्राइव्हवर होता, हे लिहिताना आठवलं. आता काढून टाकला.

एवढ्याशा मंडळाला कायदा लागू होतो का?

होतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. म्हणजे मे २०२७. या कायद्यात ‘व्यक्ती’च्या व्याख्येत कंपनी येते, फर्म येते आणि नोंदणी असो वा नसो, व्यक्तींचा समूहही येतो. सूट आहे ती एखाद्याने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला. लग्नाच्या आमंत्रणाची यादी त्यात बसेल, तिकीट विक्रीची बसणार नाही.

एक गंमत आहे. कायदा फक्त डिजिटल माहितीचा आहे. वहीत पेनाने लिहिलेली सभासद यादी त्याच्या बाहेर राहते. तीच यादी कुणी मोबाइलमध्ये टाइप केली की आत येते.

संमतीबद्दल कायदा स्पष्ट आहे. ती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून दिलेली आणि विनाअट हवी. शिवाय त्या कामाला जितकी माहिती लागते तितक्यापुरतीच. कायद्यातच एक उदाहरण दिलेलं आहे. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्क यादी मागितली आणि तुम्ही हो म्हणालात, तरी ती संमती यादीपुरती ग्राह्य नाही, कारण सल्ल्यासाठी यादी लागत नाही. आता सांगा, दोन खुर्च्यांसाठी लग्नाचा वाढदिवस कशाला लागतो?

कुणी म्हणेल, पत्ता तर हिशोबासाठी लागतो. साध्या तिकिटाला तोही लागत नाही. नाटक, नृत्य किंवा गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे करासाठी माहिती हवी हे कारणही उरत नाही. पत्ता आणि पॅन लागतो तो खऱ्या देणगीला, करसवलतीची पावती द्यायची असेल तर. तो फॉर्म वेगळा ठेवावा.

माहिती कशासाठी घेतली जाते ते सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे. मराठी त्या यादीत आहेच. दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं. मंडळाकडे आधीपासून असलेल्या याद्यांचं काय? कायदा लागू होण्यापूर्वी संमतीने घेतलेल्या माहितीबद्दलही शक्य तितक्या लवकर लोकांना तशी सूचना द्यायची आहे. म्हणजे आजीव सभासदांना एक मेसेज जायला हवा.

माहिती फुटली तर ती गोष्ट झाकून चालणार नाही. ज्यांची माहिती गेली त्यांना आणि विदा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाकडे सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा. पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल दंड २५० कोटींपर्यंत. हा आकडा सचिवांना सांगितला तेव्हा ते हसले, आणि बरोबरच हसले. दंड ठरवताना चुकीचं स्वरूप, गांभीर्य आणि दंडाचं प्रमाण पाहायचं असं कायदा सांगतो, त्यामुळे नगरच्या मंडळावर कुणी कोटीत दंड लावेल असं मला वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच. जो काही दंड होईल तो सरकारी तिजोरीत जाणार. जिची माहिती फुटली तिला या कायद्यात भरपाई नाही.

मग मे २०२७पर्यंत रान मोकळं?

नाही, आणि हे फार जणांना माहीत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, त्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं हेही मोडतं. हा कायदा जुलै २०२०पासून लागू आहे. पैसे देऊन तिकीट काढणारा ग्राहक असतो. मोफत सन्मानिकेवर आलेल्याला मात्र हा आधार मिळत नाही, कारण फुकट दिलेली सेवा त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही.

त्याच व्याख्येत पैसे परत करण्याचाही मुद्दा आहे. सेवेत त्रुटी असूनही पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत द्यायला नकार देणं हीदेखील अनुचित प्रथा. आता आपल्याकडच्या प्रवेशिकेच्या मागची वाक्यं आठवा. ‘तिकिटाचे पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत. कार्यक्रमात ऐनवेळी बदल करण्याचा अधिकार आयोजक राखून ठेवत आहेत.’ या दोन वाक्यांत सगळ्या बुकिंगच्या अटी संपतात. ‘कोणत्याही परिस्थितीत’ यात गायक आजारी पडणं येतं, लॉन्सवर पाऊस येणं येतं आणि आयोजकांनी कार्यक्रमच न करणंही येतं. तीन गोष्टी सारख्या नाहीत. प्रेक्षक स्वतः आला नाही तर पैसे न मिळणं मला मान्य आहे; खुर्ची त्याच्यासाठी राखलेली होती. आयोजकांनी तारीख बदलली तर जुनं तिकीट नव्या तारखेला चालेल ही सोय चांगली, पण ती सक्ती नको. नव्या तारखेला ज्याला जमत नाही त्याला पूर्ण पैसे मिळायला हवेत. कार्यक्रम रद्दच झाला तर चर्चाच नको.

यावर एक जुनी पळवाट आहे. तिकिटाला तिकीट न म्हणता ‘देणगी प्रवेशिका’ म्हणायचं. देणगी म्हटली की परत मागायची कशी? पण पुढच्या रांगेची देणगी जास्त आणि मागच्या रांगेची कमी असेल, आणि देणगी दिल्याशिवाय आत सोडत नसतील, तर ती खुर्चीची किंमत झाली असं माझं मत आहे. नाव काहीही छापा.

ऑनलाइन पैसे भरताना आणखी एक प्रकार दिसतो. ‘संस्थेला ५१ रुपये मदत’ या चौकटीत आधीच खूण केलेली असते. न मागता देणगी बिलात घालण्याची ही युक्ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक सूचनांत बंदी घातलेल्या १३ प्रकारांपैकी एक आहे. गरज नसताना वैयक्तिक माहिती द्यायला भाग पाडणं हाही त्यातलाच एक. लाल चांदणी इथेही आडवी येते.

मुलांच्या स्पर्धांचं काय?

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. उन्हाळ्यात चित्रकला शिबिर, गणपतीत नृत्य स्पर्धा, डिसेंबरात बालनाट्य. फॉर्ममध्ये मुलाचं नाव, शाळा, इयत्ता, तुकडी, जन्मतारीख, फोटो, पालकांचे नंबर आणि वयाचा पुरावा म्हणून आधार कार्डाची प्रत. ही प्रत कार्यकर्त्याच्या व्हॉट्सॲपवर मागवली जाते, तिथून त्याच्या फोनच्या गॅलरीत जाते, गॅलरीतून बॅकअपला. बक्षीस समारंभानंतर फेसबुकवर फोटो, खाली मुलीचं पूर्ण नाव आणि शाळा. हा सगळा तपशील एकत्र केला की ती रोज किती वाजता कुठे असते हे अनोळखी माणसाला कळतं.

नव्या कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक. त्यांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, आणि त्या माहितीवरून मुलांना उद्देशून जाहिरात करता येणार नाही. म्हणजे शिबिराची यादी प्रायोजक कोचिंग क्लासला देण्याचा प्रश्नच मिटतो. वयाचा पुरावा हवाच असेल तर स्पर्धेच्या दिवशी जन्मदाखला पाहून परत द्यावा. प्रत ठेवायची गरज नाही. आधारच द्यायचं असेल तर पालकांनी यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढावं, त्यावर फक्त शेवटचे ४ अंक दिसतात.

मंडळांनी करायचं काय?

इथे मला मंडळांची बाजूही मांडली पाहिजे. ही माणसं दिवसभर नोकरी-दुकान सांभाळून संध्याकाळी सभागृहाच्या तारखा, साउंडवाले आणि पोलिस परवानगी यांच्यामागे धावतात. तिकीट विक्रीतून खर्च निघत नाही, म्हणून प्रायोजक लागतो. आणि प्रायोजक आता फलकावरच्या नावावर खूश नसतो, त्याला ‘डेटा’ हवा असतो. मंडळाकडे विकण्यासारखं दुसरं असतं काय? या अडचणीला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण प्रायोजकाचा मेसेज मंडळाने स्वतःच्या नंबरवरून पाठवावा, ज्यांनी वेगळी खूण करून हो म्हटलंय त्यांनाच पाठवावा आणि यादी हातातून जाऊ देऊ नये, एवढं नक्की करता येतं.

बाकीच्या दुरुस्त्या अर्ध्या तासाच्या आहेत. फॉर्म मंडळाच्या नावाच्या वेगळ्या खात्यावर बनवा आणि त्याचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. गूगल फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये ‘व्ह्यू रिझल्ट्स समरी’ हा पर्याय मुळात बंद असतो. आमच्या मंडळाच्या फॉर्ममध्ये तो कुणीतरी चालू केला होता, म्हणून मला सगळ्यांचे नंबर दिसले. शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी ठेवू नका. प्रेक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप करू नका, त्यात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला असेल त्यांनाच ते मेसेज जातात. नाहीतर चॅनल काढा, तिथे फॉलोअरचा नंबर दुसऱ्या फॉलोअरला दिसत नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट मागवण्यापेक्षा १२ अंकी यूटीआर नंबर विचारा. स्क्रीनशॉटमध्ये नावापासून बँकेपर्यंत बरंच काही असतं.

‘कार्यक्रम झाला की यादी लगेच डिलीट करा’ असं मी आधी लिहिलं होतं. मग नियम पुन्हा वाचले. त्यात सरकारी कारणांसाठी माहिती आणि नोंदी किमान १ वर्ष जपून ठेवण्याची तरतूद आहे, त्यामुळे मे २०२७नंतर हा सल्ला अंगाशी येऊ शकतो. ती तरतूद छोट्या संस्थांसाठी मला जाचक वाटते, पण ती आहे. तेव्हा यादी बंद करून ठेवा, वर्षाने पुसा, आणि मधल्या काळात दुसऱ्या कशासाठी वापरू नका.

फॉर्मच्या वर लिहायचा मजकूर एवढाच पुरे : ‘आम्ही तुमचं नाव आणि मोबाइल नंबर घेत आहोत. त्याचा वापर फक्त या कार्यक्रमाची जागा राखण्यासाठी आणि बदल कळवण्यासाठी होईल. तो प्रायोजकांना किंवा इतर कुणाला दिला जाणार नाही आणि एका वर्षानंतर काढून टाकला जाईल. पुढच्या कार्यक्रमांची माहिती हवी असेल तरच खालच्या चौकटीत खूण करा. ती नंतर कधीही बंद करता येईल. कार्यक्रम रद्द झाल्यास किंवा नवी तारीख तुम्हाला सोयीची नसल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. तक्रारीसाठी या नंबरवर फोन करा.’ शेवटी नंबर मंडळाचा, कार्यकर्त्याच्या घरचा नको.

प्रेक्षकाने काय करावं?

विचारावं. ‘हे कशाला हवंय?’ एवढंच, तेही फॉर्म भरायच्या आधी. मंडळाने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पण तीनशे रुपयांच्या तिकिटासाठी कुणी आयोगाची पायरी चढेल असं मला वाटत नाही, आणि ज्यांच्याशी रोज भाजीबाजारात गाठ पडते त्यांच्यावर तर नाहीच. म्हणून आधी फोन करून बोलणं बरं. मी केलेल्या त्या एका फोनचा थोडा उपयोग झाला.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाचा फॉर्म नुकताच आईच्या फोनवर आला. लग्नाच्या वाढदिवसाचा रकाना काढलेला आहे. मागचे प्रतिसादही दिसत नाहीत. जन्मतारीख मात्र अजून आहे, लाल चांदणीसकट. आईने तिथे १ जानेवारी १९०० टाकली आणि दोन प्रवेशिका नोंदवल्या. सचिवांना मी उद्या पुन्हा फोन करणार आहे.